टक्कल त्यांचं, फोटो आपल्या फोनमध्ये

बोंडगाव, कालवड, हिंगणा वैजनाथ, कठोरा, भोनगाव. शेगाव तालुक्यातल्या या गावांची नावं २०२५चा जानेवारी उजाडेपर्यंत इकडे अमडापुरात फार थोड्यांना सांगता आली असती. शेगाव ठाऊक होतं ते गजानन महाराजांमुळे. त्या महिन्यात मात्र ही नावं चिखली-खामगाव रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर आली, आणि नावांच्या आधी फोटो आले. एका बाईच्या डोक्याचा मागून काढलेला फोटो, मधोमध मोठा चट्टा. एका म्हाताऱ्यानं मुठीत धरलेले स्वतःचे केस. एका तरुण मुलीचा पूर्ण चेहरा, डोक्यावरची ओढणी मागे सारलेली. आणि खाली ओळीनं हसणारे पिवळे चेहरे.

दवाखान्यात त्या दिवसांत सर्दी-खोकल्याइतकेच हे प्रश्न येत. "डॉक्टर, ग्रुपवर आलं न, शेगावकडे टकलाचा व्हायरस आला म्हन्ते. पोराले दर्शनाले नेऊ का नोको?" विचारणारे आजोबा खरोखर घाबरले होते. नातवाच्या काळजीनं विचारत होते. पुरावा म्हणून त्यांनी फोन पुढे केला, त्यात तीच ओढणीवाली मुलगी होती. तिला विचारून काढला असेल का हा फोटो, असं मी म्हटलं. "ते काय मालूम. मले तं भाच्यानं पाठवला." भाच्याला मित्रानं पाठवला असणार, मित्राला आणखी कुणी. हा धागा मागे मागे नेत गेलं तरी त्यात कुठेच त्या मुलीचा होकार सापडण्याची शक्यता नव्हती.

आज लिहायचं आहे ते या होकाराबद्दल. पण आधी आजाराचं सांगतो. त्याबद्दल अजूनही आपल्या भागात गैरसमज आहेत, आणि फोटोंनी नेमकं काय केलं हे आजार समजल्याशिवाय कळत नाही.

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली. दोन-तीन दिवसांत केस हाताला येऊ लागले, नुसते ओढले तरी निघत. आठवड्याभरात काहींना पूर्ण टक्कल पडलं. कुणाला ताप, डोकेदुखी, मुंग्या, उलट्या-जुलाब असाही त्रास झाला. पुढे १८ गावांतून २७९ जण नोंदले गेले. त्यात तरुण मुली आणि कॉलेजात शिकणारे बरेच होते. आरोग्य विभागानं पाण्याचे नमुने घेतले. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, पाणी खारट, त्यात क्षार आणि नायट्रेट भरपूर. साहजिकच आधी संशय पाण्यावर गेला. मग बुरशीवर गेला. मग शाम्पूची चर्चा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची पथकं आली, रक्ताचे आणि इतर नमुने घेऊन गेली. त्यांच्या अहवालाची गावकऱ्यांना बराच काळ वाट पाहावी लागली.

दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या पद्धतीनं कामाला लागले होते. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले, पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी सांगितलं की कारण सेलेनियम आहे, आणि ते रेशनच्या गव्हातून पोटात गेलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. त्यांच्या तपासणीत या गव्हात किलोमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, आणि बाधितांच्या रक्तात, लघवीत, केसांत ते कित्येक पटींनी वाढलेलं होतं. शिवाय जस्त कमी झालेलं आढळलं.

सेलेनियम विष नाही, म्हणजे थोडं असेल तर नाही. मोठ्या माणसाला रोज साधारण ५५ मायक्रोग्रॅम लागतं. रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं मानतात. आता साधा हिशेब करा. किलोला साडेचौदा मिलिग्रॅम असलेल्या गव्हाच्या पोळ्या एखाद्यानं दिवसाला तीनशे ग्रॅम पिठाच्या खाल्ल्या, तर पोटात चार हजार मायक्रोग्रॅमच्या वर सेलेनियम जातं. मर्यादेच्या दहापट. केस आणि नखं ज्या प्रथिनापासून बनतात त्या केराटिनात गंधकाचे दुवे असतात. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचं भावंडं, ते गंधकाच्या जागी घुसतं आणि दुवे कमकुवत होतात, असं समजलं जातं. म्हणून सेलेनियमच्या विषबाधेत आधी केस जातात, मग नखं. एप्रिल २०२५मध्ये त्याच भागातल्या लोकांची नखं तडकून गळू लागल्याच्या बातम्या आल्या, त्याही या चित्रात बसतात.

जगाला हे नवीन नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात असंच झालं होतं. अमेरिकेत २००८मध्ये एका पूरक औषधाच्या द्रवात चुकून ठरल्यापेक्षा दोनशेपट सेलेनियम पडलं, तेव्हा २०१ लोकांना बाधा झाली आणि त्यांतल्या अनेकांचे केस गेले. आपल्या देशात पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या मातीत सेलेनियम जास्त असल्याचं कृषिशास्त्रज्ञ खूप वर्षांपासून सांगत आले आहेत.

यात एक गोष्ट स्पष्ट आहे. सेलेनियम एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर उडी मारत नाही. शेजारी बसल्यानं, एका कंगव्यानं, एका एसटीनं टक्कल पडत नाही. मग 'टक्कल व्हायरस' हा शब्द आला कुठून? तपासणी व्हायच्या आधी आला, फोटोखाली आला, आणि तपासणी झाल्यावरही गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०१५मध्ये नव्या आजारांना नावं कशी द्यावीत याचे संकेत ठरवले. गावाचं, प्रदेशाचं, समाजाचं नाव आजाराला देऊ नका, घबराट पसरवणारे शब्द वापरू नका, असं त्यात आहे. कारण आजार बरा होतो, नाव मागे उरतं. शेगावच्या बाबतीत तर गावही चुकीचं आणि व्हायरसही नाही.

फोटोंचा परिणाम काय झाला, हे त्या वेळच्या बातम्यांतून आणि डॉ. बावस्करांच्या सांगण्यातून पुढे आलं आहे. मुलींचं कॉलेज सुटलं. ठरत आलेली लग्नं अडली. लाजेपायी अनेकांनी उरलेले केसही काढून टाकून पूर्ण मुंडण केलं. यातला किती भाग आजाराचा आणि किती भाग फोटोंचा, हे वेगळं काढता येणार नाही. पण एवढं नक्की की पूर्वी अशा मुलीनं डोक्यावर पदर घेऊन दोन महिने काढले असते आणि ही गोष्ट गावाच्या शिवेबाहेर गेली नसती. आता ती स्थळ घेऊन येणाऱ्यांच्या खिशात आधीच असते.

इंटरनेटवर वागावं कसं, हे सांगायला बसलं की आपण नेहमी एकाच गोष्टीवर येतो: खरं-खोटं तपासा, अफवा पसरवू नका. ते बरोबरच आहे. अफवेनं काय होतं हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरणारा मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता. त्या घटनेनंतर काही दिवसांतच व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

पण शेगावच्या फोटोंना हा उपाय लागू पडत नाही. ते फोटो खरे होते. मुलगी खरी, टक्कल खरं, गाव खरं. सत्यता तपासणाऱ्या कुठल्याही चाळणीतून ते सहज पार झाले असते. तरीही ते पाठवणं चूक होतं, असं माझं मत आहे. 'खरं आहे ना, मग पाठवायला काय झालं?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्यामागे असा समज आहे की खरी माहिती ही सार्वजनिक विहिरीसारखी असते, कुणीही पोहरा टाकावा. आजाराची माहिती तशी असेलही. आजारी माणसाचा चेहरा तसा नाही.

वैद्यकीत हा नियम फार जुना आहे. रुग्णाच्या घरात जे दिसलं, ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, हे ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावानं चालत आलेल्या शपथेत आहे. आपल्याकडे डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेतही रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती त्याच्या परवानगीशिवाय वैद्यकीय नियतकालिकात छापायला मनाई आहे. बावस्करांचंच उदाहरण घ्या. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी करून त्यांनी १९८२मध्ये 'लॅन्सेट'सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिलं. कोकणातल्या एका कोपऱ्यातल्या रुग्णांचं निरीक्षण साऱ्या जगापर्यंत गेलं, त्यातून उपचार सुधारले, जीव वाचले. ते रुग्ण कोण होते, हे जगाला कळण्याची गरज पडली नाही. माहिती गेली, माणूस घरी राहिला. ग्रुपवर नेमकं उलटं होतं: माणूस जातो आणि माहिती मागे राहते. त्या मुलीचा फोटो पाहून तिचं वय, तिनं काय खाल्लं, खाज कधी सुटली, यातलं काहीच कुणाला कळलं नाही. कळलं ते एवढंच की ती दिसते कशी.

हा नियम डॉक्टरांपुरता होता, कारण आजारी शरीराजवळ जाण्याची मुभा डॉक्टरांनाच होती. आता कॅमेरा प्रत्येकाच्या हातात आहे. मुभा वाटली गेली, पथ्य मात्र वाटलं गेलं नाही.

माझ्या या मताला एक जोरदार उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. फोटो फिरले नसते तर दिल्ली-मुंबईहून पथकं या खेड्यांत आली असती का? टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्या गावांतल्या कितीतरी लोकांनी स्वतःहून टोपी काढून डोकं दाखवलं. केस ओढून दाखवले. 'पाहा आमचं काय झालं' असं सांगितलं. खेड्यातल्या माणसाच्या अर्जावर तारीख पडते, व्हिडिओवर मात्र साहेबांची गाडी येते, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा त्या लोकांना गप्प बसा, आब राखा, असं सांगणारा मी कोण?

मी ते सांगतही नाही. स्वतःचं डोकं स्वतः दाखवणाऱ्यानं फार धीराचं काम केलं. पण त्यानं होकार दिला तो कशासाठी, हे पाहिलं पाहिजे. मदत यावी म्हणून दिला. तोच तुकडा कापून, त्यावर गाणं चढवून, 'लग्नाआधी मुलीचं गाव विचारा' अशी ओळ टाकून फिरवायला त्यानं होकार दिलेला नाही. एका कामासाठी दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला चालत नाही. शेत बटाईनं दिलं म्हणजे विकलं असं होत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही समजतं. आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं कॅमेरावाल्याला आत बोलावलं म्हणून सुनेचा किंवा मुलीचा होकार झाला, असंही नाही. त्या फोटोंमधल्या किती बायकांना कुणी विचारलं असेल, हा विचार मला जास्त टोचतो.

एक दुसरं उदाहरण देतो, यात टकलाचा संबंध नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जवळच्या एका गावात बाजाराच्या दिवशी एका मुलीला फिट आली. भोवती गर्दी जमली, कुणीतरी चप्पल हुंगायला लावली, कुणी कांदा आणला, आणि दोघा-तिघांनी व्हिडिओ काढला. चार दिवसांनी तिचे वडील माझ्याकडे आले. मी त्यांना नेहमीचे प्रश्न विचारले: आधी मान कुठल्या बाजूला वळली, हात-पाय दोन्हीकडचे उडत होते की एकाच, डोळे उघडे होते की मिटलेले, किती वेळ चाललं? त्यांना काहीच सांगता येईना. ते जागेवर नव्हतेच. मग मान खाली घालून त्यांनी खिशातून फोन काढला. "हे आलं आमच्या पाव्हन्यायच्या ग्रुपवर," म्हणाले.

तो व्हिडिओ पाहून मला निदानाला फार मदत झाली, हे मान्य केलं पाहिजे. झटका कुठून सुरू झाला हे त्यात स्पष्ट दिसत होतं. मेंदूविकारतज्ज्ञ तर नातेवाइकांना आवर्जून सांगतात की पुन्हा फिट आली तर जमल्यास चित्रण करून आणा, कारण डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते आणि घाबरलेल्या माणसाचं वर्णन अपुरं असतं. म्हणजे तोच तीस सेकंदांचा तुकडा माझ्या टेबलावर औषध होता आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर त्या मुलीच्या नशिबाला लागलेला डाग. चित्रात एका बिंदूचाही फरक नव्हता. फरक होता तो कुणाकडे गेलं याचा.

डाग म्हणालो तो समाजाच्या भाषेत. कायद्यानं तो १९९९मध्येच पुसला आहे. त्याआधी फिट येणं हा विवाह रद्द ठरवायचा आधार होऊ शकत होता, त्या वर्षीच्या दुरुस्तीनं विवाह कायद्यांतून तो काढून टाकला. फिट येणाऱ्या बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. हे सगळं त्या वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन डॉक्टर, तो व्हिडिओ आता परत घेता येते का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाजारात असं कुणाला झालं तर फोन कशाला काढावा, हे इथेच सांगून टाकतो. वेळ पाहायला काढावा. फिट सुरू झाल्यापासून किती मिनिटं झाली हे कुणीतरी मोजणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पाच मिनिटांच्या वर गेली की १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा असतो. त्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याभोवतीचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल आणि कांद्यानं काही होत नाही. चित्रण करायचंच असेल तर ते जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर करा, किंवा केलेलं त्यांच्या हवाली करून आपल्या फोनमधून काढून टाका. आणि गर्दीला तोंड फिरवून उभं राहायला सांगा. हे शेवटचं पुस्तकात नाही, पण मी एकदा एका भाजीवालीला तसं करताना पाहिलं आहे. तिनं साडीचा आडोसा धरला होता.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मनाई आहे, आणि एचआयव्हीबाधितांसाठीही त्याच वर्षी गोपनीयतेचा कायदा झाला. पण २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहिलात तर एखाद्या व्यक्तीनं स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे. कंपनीनं तुमचा नंबर विकला तर कायदा आहे. भाच्यानं मामाला फोटो पाठवला, मामानं सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, तर ते बहुधा घरगुतीच ठरेल. आणि खरं सांगायचं तर ते तसंच असावं. घराघरातल्या फोनमध्ये पोलीस डोकावू लागले तर आजार परवडला असं व्हायचं. म्हणूनच हा मामला पाठवणाऱ्या अंगठ्यावर येऊन थांबतो.

करोनात हे आपण अनुभवलं होतं. २०२०च्या सुरुवातीच्या महिन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांच्या याद्या नावा-पत्त्यांसह गावोगावच्या ग्रुपांवर फिरत. एप्रिल २०२०मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला वेगळं आवाहन काढावं लागलं की बाधितांची किंवा विलगीकरणातल्यांची नावं, ओळख, पत्ता समाजमाध्यमांवर पसरवू नका. याद्या टाकणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, लोकांनी सावध राहावं हाच होता. झालं असं की नाव यादीत येईल या भीतीनं लोक तपासणीलाच येईनात. ताप अंगावर काढायचे, औषधाच्या दुकानातून गोळी न्यायचे, आणि दम लागल्यावर यायचे. साथीच्या काळात रुग्णाला लपायला लावण्यासारखं नुकसान दुसरं नाही. शेगावच्या बाबतीतही हा धोका होताच. कारण शोधायचं तर प्रत्येक बाधितानं पुढे येऊन रक्त, केस, घरातलं धान्य दाखवायला हवं होतं. ज्याला आपला फोटो हसण्यावारी जाईल अशी धास्ती आहे, तो पथकासमोर कशाला येईल?

भीतीचा बाजार वेगळाच. टकलाचे फोटो आले तसे आठवड्याभरात तेलांचे व्हिडिओही आले. कांद्याचा रस, कुठल्या पाल्याचा लेप, कुठल्या बाबाची बाटली. आपल्या औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे, त्यात टकलाचा उल्लेख आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? मार्च २०२५मध्ये पंजाबातल्या संगरूरला टकलावर केस उगवून देण्याचं एक मोफत शिबिर झालं. डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठाहून जास्त लोकांना डोळे सुजून दवाखान्यात जावं लागलं. उपायाचा व्हिडिओ पाठवताना आपण 'कुणाच्या तरी कामी येईल' असं म्हणतो. काम बिघडलं तर आपण कुठे असतो?

सगळ्यात वाईट आठवण समृद्धी महामार्गाची आहे. १ जुलै २०२३च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. नातेवाइकांना ओळख पटवणं अवघड झालं होतं. माझ्या फोनवर त्या दिवशी ज्या गोष्टी आल्या त्यांचं वर्णन मी इथे करणार नाही. पाठवणारे सगळे ओळखीचे होते, सज्जन होते, आणि प्रत्येकानं खाली हात जोडले होते.

शेगावच्या त्या गावांतल्या बऱ्याच जणांचे केस नंतर परत येऊ लागले. सेलेनियम पोटात जायचं थांबलं की केसांची मुळं सावरतात, ती मेलेली नसतात. ज्या मुलींचं कॉलेज सुटलं होतं त्यांतल्या काहींची आता लग्नाची बोलणी सुरू असतील. पण त्यांचे जानेवारी २०२५चे फोटो तिथेच आहेत. गावाचं नाव टाकून शोधलं की सापडतात, आणि त्याहून जास्त आपल्या फोनच्या गॅलरीत पडून आहेत, लेकरांच्या वाढदिवसांच्या आणि सोयाबीनच्या भावांच्या फोटोंमध्ये मिसळून. गॅलरी उघडा, वर सरकवत त्या महिन्यापर्यंत जा आणि ते काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. पुढे पाठवलेलं मात्र व्हॉट्सअॅपवर सगळ्यांकडून काढून घ्यायला साधारण अडीच दिवसच मिळतात.